कमी सोडियमचे मीठ घरात आणण्यापूर्वी: संशोधनाच्या बातमीपासून मिठाच्या बरणीपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २७ जानेवारी २०२५ रोजी कमी सोडियमच्या मिठाबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली. माझ्यापर्यंत ती एका लहानशा बातमीच्या रूपात आली आणि त्यात नेहमीचे मीठ बदलल्यास पक्षाघाताचा धोका कमी होतो एवढेच ठळकपणे लिहिलेले होते. माझ्या आईला काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला असल्यामुळे मी त्याच आठवड्यात असे एक पाकीट आणले, घरातली मिठाची बरणी रिकामी केली आणि नवे मीठ भरले. वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांच्या मूत्रपिंडांचे काम काहीसे मंदावलेले आहे, हे मला ठाऊक होते, परंतु या दोन गोष्टींचा संबंध माझ्या लक्षात आला नाही. तीन आठवड्यांनी वडिलांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ५.६, म्हणजे सर्वसाधारण कक्षेपेक्षा जास्त निघाले. डॉक्टरांनी औषधे, शहाळे, फळे असे सगळे विचारले आणि शेवटी घरात नवीन काय आले आहे असे विचारल्यावर मला ते पाकीट आठवले. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले होते. पुन्हा नेहमीचे मीठ सुरू केल्यावर आठवडाभरात वडिलांचे पोटॅशियम पूर्ववत झाले.

त्या बातमीत चुकीचे काहीच नव्हते आणि तिच्यामागचे संशोधनही भक्कम होते. ते कोणावर झाले, कोणाला त्यातून वगळले होते आणि आमच्या घरातली माणसे त्यांपैकी कोणत्या बाजूला बसतात, हे मी पाहिले नव्हते. त्यानंतरच्या महिन्यांत मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि घरात करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडत आहे. हा लेख मिठाविषयी असला तरी पहिल्या चार पायऱ्या आरोग्यविषयक संशोधनाच्या कोणत्याही बातमीला लावता येतील.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या चालू औषधांची यादी. त्यात सांधेदुखीच्या गोळ्या, मुतखड्याचे सिरप आणि आयुर्वेदिक औषधेही असावीत.
- गेल्या सहा महिन्यांतील रक्ततपासणीचे अहवाल. त्यांत क्रिएटिनिन, ई-जीएफआर (हे दोन्ही मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगतात) आणि सीरम पोटॅशियम (रक्तातले पोटॅशियम) हे तीन आकडे हवेत.
- दंडावर पट्टा बांधण्याचे रक्तदाबाचे यंत्र. मनगटावरचे यंत्र शक्यतो नको.
- एक वही.
- स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा किंवा निदान एक ठरलेला चमचा.

## १. बातमी वाचून झाल्यावर मूळ संशोधन शोधा

कमी सोडियमच्या मिठाविषयीच्या बहुतेक बातम्या फिरून एकाच मोठ्या प्रयोगापाशी येतात. तो चीनच्या ग्रामीण भागात झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ६०० गावांतील २०,९९५ माणसे त्यात सहभागी होती. निम्म्या गावांना तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ मोफत देण्यात आले, उरलेल्या गावांत नेहमीचे मीठ चालू राहिले आणि सरासरी पावणेपाच वर्षे या माणसांची नोंद ठेवण्यात आली.

‘पबमेड’ या संकेतस्थळावर अशा शोधनिबंधांचा सारांश कोणालाही विनामूल्य वाचता येतो. भारतात झालेल्या प्रयोगांची नोंद भारतीय चाचणी नोंदणीत सापडते. सारांश इंग्रजीत असतो आणि पहिल्या वाचनात अवघड वाटतो, पण त्यातून चारच गोष्टी टिपायच्या असतात: किती माणसे होती, कोणती माणसे होती, कशाची तुलना कशाशी केली आणि शेवटी काय मोजले. बातमीत या चारपैकी एकही गोष्ट नसेल आणि मूळ निबंधाचा माग लागत नसेल, तर त्या बातमीच्या आधारे घरात काहीही बदलू नये.

## २. नुसती पाहणी आहे की प्रयोग, हे ओळखा

हा भेद समजला की निम्मा गोंधळ संपतो. २०२२ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेवताना ताटातल्या पदार्थांवर नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण, असे मीठ क्वचित किंवा कधीच न घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्के जास्त आढळले. हा आकडा मोठा आहे, पण तो पाहणीतून आलेला आहे. संशोधकांनी कोणाच्याही ताटातले मीठ कमी-जास्त केले नाही, त्यांनी प्रश्न विचारले आणि पुढे काय झाले ते पाहिले. वरून मीठ घेणारी माणसे धूम्रपानही जास्त करत असतील किंवा भाज्या कमी खात असतील, तर त्या सवयींचा परिणाम मिठाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. संशोधक आकडेमोड करून असे परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न करतात, तरी ते पूर्णपणे वेगळे होतात असे मानता येत नाही.

चीनमधल्या प्रयोगात कोणत्या गावाला कोणते मीठ मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. त्यामुळे धूम्रपान करणारे, गरीब, श्रीमंत, कष्टाळू आणि बैठे अशी सगळी माणसे दोन्ही गटांत जवळपास सारखी विखुरली गेली आणि शेवटी जो फरक उरला तो मिठाचा मानता आला. अर्थात कोणत्या गावात कोणते मीठ आहे हे सर्वांना माहीत होते, ही त्या प्रयोगाची एक मर्यादा होती. तेलंगणातील सिद्दिपेट भागात ५०२ रक्तदाबाच्या रुग्णांवर तीन महिन्यांचा जो प्रयोग झाला, त्यात ही मर्यादाही नव्हती, कारण आपल्याला कोणते मीठ मिळाले आहे हे सहभागी रुग्णांना ठाऊक नव्हते. तेथे ७० टक्के सोडियम क्लोराइड आणि ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने वरचा रक्तदाब सरासरी ४.६ ने कमी झाला. आमटी-भाजी घरी शिजवणाऱ्या आणि मीठ हाताने घालणाऱ्या घरांत झालेला हा प्रयोग मला आपल्याकडच्या वाचकांसाठी अधिक जवळचा वाटतो, जरी त्यात पक्षाघात मोजण्याइतका काळ गेला नव्हता.

उंदरांवर किंवा काचेच्या तबकडीतल्या पेशींवर झालेल्या अभ्यासाबद्दल एवढेच म्हणेन की तो शास्त्रज्ञांसाठी पुढची दिशा दाखवतो, स्वयंपाकघरासाठी नव्हे.

## ३. टक्के बाजूला ठेवा आणि माणसे मोजा

‘पक्षाघाताचा धोका १४ टक्क्यांनी कमी’ हे वाक्य बरोबर आहे. पण ते ऐकून शंभरातल्या चौदा जणांचा पक्षाघात टळला असे अनेकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात नेहमीच्या मिठाच्या गावांत दर हजार माणसांमागे वर्षाला ३३.६५ पक्षाघात झाले आणि नव्या मिठाच्या गावांत २९.१४ झाले. म्हणजे हजार माणसांनी वर्षभर हे मीठ वापरले तर साधारण साडेचार पक्षाघात टळले. हेच पाच वर्षे चालू ठेवले तर सुमारे ४५ माणसांमागे एक पक्षाघात टळतो.

हा हिशेब पाहून काहींचा विरस होतो, पण माझे मत वेगळे आहे. रोज करायच्या स्वयंपाकात फक्त बरणी बदलल्याने पंचेचाळीस माणसांतले एक माणूस अंथरुणाला खिळण्यापासून वाचत असेल, तर तो फायदा मोठा आहे. त्याच प्रयोगात मृत्यूंचे प्रमाणही हजारी ४४.६१ वरून ३९.२८ वर आले. फक्त हा फायदा कोणाला मिळाला हे विसरता कामा नये, आणि म्हणून पुढची पायरी महत्त्वाची आहे.

सारांशात अशा आकड्याशेजारी एक कक्षा दिलेली असते, तीही पाहण्याची सवय लावावी. येथे ती ०.७७ ते ०.९६ अशी होती (१ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच). याचा सोपा अर्थ असा की खरा फायदा ४ टक्क्यांइतका लहान किंवा २३ टक्क्यांइतका मोठा असू शकतो आणि १४ हा त्यातला सर्वांत संभाव्य आकडा आहे. ही कक्षा १ हा आकडा ओलांडून पलीकडे जात असेल, तर फायदा नसण्याचीही शक्यता उरते.

## ४. आपण त्या माणसांसारखे आहोत का, हे तपासा

चीनमधल्या सहभागी माणसांचे सरासरी वय ६५ होते. सुमारे ७३ टक्के लोकांना आधी पक्षाघात होऊन गेला होता आणि ८८ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. पस्तिशीतल्या, रक्तदाब १२० च्या आत असणाऱ्या आणि कोणताही आजार नसलेल्या माणसाला पुढच्या पाच वर्षांत पक्षाघात होण्याची शक्यता मुळातच फार कमी असते. त्यामुळे त्याच १४ टक्क्यांतून त्याच्या वाट्याला येणारा फायदाही तितकाच लहान असतो. आईच्या बाबतीत मात्र हा प्रयोग जणू तिच्यासारख्यांवरच झाला होता.

दुसरा मुद्दा मीठ कोठून पोटात जाते याचा आहे. युरोप-अमेरिकेत बहुतांश मीठ तयार खाद्यपदार्थांतून जाते, तर आपल्याकडे आणि ग्रामीण चीनमध्ये मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून जाते. म्हणून बरणी बदलण्याचा परिणाम आपल्या घरांत अधिक दिसण्याची शक्यता आहे. याउलट जो मुलगा शहरात खोली घेऊन राहतो आणि दोन्ही वेळा खानावळीत जेवतो, त्याने घरात हे पाकीट ठेवून काही साधणार नाही. बहुतेक जेवणे बाहेर घेणाऱ्यांना त्या प्रयोगातही घेतले नव्हते.

भारतातील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्याकडचा प्रौढ माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो, पुरुष ८.९ आणि स्त्रिया ७.१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडी कमी आहे.

## ५. हे मीठ कोणी वापरू नये

या पायरीवर कृपया सर्वांत जास्त वेळ द्या.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले असते. २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले ८ ग्रॅम मीठ दिवसभरात पोटात गेले, तर त्यातून सुमारे १ ग्रॅम पोटॅशियम मिळते, म्हणजे साधारण दोन ते तीन मध्यम केळ्यांइतके. मूत्रपिंडे निरोगी असतील तर हे वाढीव पोटॅशियम लघवीवाटे सहज बाहेर पडते आणि रक्तदाब उतरण्यास मदतही करते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ते रक्तात साठते. रक्तातले पोटॅशियम फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की त्याआधी बहुधा कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही. माझ्या वडिलांना काहीही त्रास जाणवत नव्हता.

म्हणून पुढीलपैकी कोणतीही गोष्ट घरातल्या कोणालाही लागू होत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाकीट आणू नका.

मूत्रपिंडाचा कोणताही आजार, किंवा अहवालात ई-जीएफआर ६० पेक्षा कमी. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे बिघडण्याची सर्वांत मोठी कारणे आहेत आणि हा बिघाड वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. त्यामुळे ज्या रक्तदाबाच्या रुग्णाला या मिठाचा फायदा व्हायचा, त्यालाच त्याचा धोकाही असू शकतो. ‘मला मूत्रपिंडाचा त्रास नाही’ या उत्तरावर विसंबू नका, अहवाल पाहा.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड किंवा ट्रायमटेरीन असलेल्या गोळ्या. या लघवी वाढवतात पण पोटॅशियम धरून ठेवतात. अनेकदा त्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिसळलेल्या असतात, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे. ही औषधे आपल्याकडे घरोघरी आहेत आणि ती घेणाऱ्या प्रत्येकाला हे मीठ वर्ज्य आहे असे नाही. मात्र ती पोटॅशियम थोडे वाढवतात, त्यामुळे आधी तपासणी आणि नंतर पुन्हा तपासणी आवश्यक ठरते.

पोटॅशियमची पूरक औषधे. मुतखड्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असते, हे मला माहीतच नव्हते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही ही बाब डॉक्टरांना सांगावी, कारण त्या मूत्रपिंडांचे काम मंदावतात.

गरोदर स्त्रिया आणि मुले. जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस प्रौढांपुरती ठेवली आहे आणि त्यातून गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना स्पष्टपणे वगळले आहे. शिवाय ती शिफारस सशर्त आहे, म्हणजे परिस्थिती पाहून ठरवावी अशा प्रकारची आहे. ‘सर्वांनी हे मीठ वापरावे असे संघटनेने सांगितले’ असा मजकूर तुमच्यापर्यंत आला, तर तो अपुरा आहे.

चीनमधल्या प्रयोगाची एक अट मला फार उशिरा सापडली आणि ती वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. सहभागी व्यक्तीलाच नव्हे, तर तिच्या घरात राहणाऱ्या कोणालाही गंभीर मूत्रपिंडविकार असेल किंवा कोणी पोटॅशियम वाढवणारी औषधे घेत असेल, तर त्या व्यक्तीला प्रयोगात घेतले जात नव्हते. एका चुलीवरचे जेवण सगळेच जेवतात, हे संशोधकांनी गृहीत धरले होते. त्या प्रयोगात दोन्ही गटांत पोटॅशियम धोकादायक वाढल्याच्या घटना सारख्याच आढळल्या, असे बातम्यांत दिलासा म्हणून लिहिले जाते. तो दिलासा ही माणसे आधीच बाजूला काढल्यानंतरचा आहे, आणि तेथे सर्वांची रक्तातली पोटॅशियमची पातळी नियमितपणे तपासली जात नव्हती.

## ६. तपासणी करा आणि डॉक्टरांकडे नेमका प्रश्न घेऊन जा

क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ई-जीएफआर आणि सीरम पोटॅशियम एवढी तपासणी पुरते. बहुतेक प्रयोगशाळांत हे एकाच दिवसात मिळते. पोटॅशियमची सर्वसाधारण कक्षा ३.५ ते ५ च्या आसपास असते. आकडा अनपेक्षितपणे जास्त आला तर घाबरून जाण्याआधी तपासणी पुन्हा करावी लागते का, हे डॉक्टरांना विचारा. रक्त काढताना किंवा नमुना नेताना लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आपला नव्हे.

डॉक्टरांना ‘लो सोडियम मीठ चांगले का?’ असे विचारले तर घाईच्या वेळी ‘हो, मीठ कमीच करा’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. त्याऐवजी पाकीट बरोबर न्या आणि असे विचारा: ‘या मिठात इतके टक्के पोटॅशियम क्लोराइड आहे. आईची ही औषधे आणि हे अहवाल आहेत. घरात वडीलही हेच जेवतात, त्यांचे हे अहवाल आहेत. दोघांनाही चालेल का, आणि चालणार असेल तर पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचे?’ मी दुसऱ्या वेळी असेच विचारले आणि पाच मिनिटांत दोघांसाठी दोन वेगळी उत्तरे मिळाली.

## ७. रक्तदाब मोजण्याची पद्धत आधी सुधारा

मीठ बदलून वरचा रक्तदाब सरासरी किती उतरतो? चीनमध्ये ३.३ आणि सिद्दिपेटमध्ये ४.६. आता याच्याशेजारी आणखी एक संशोधन ठेवून पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ प्रौढांचा रक्तदाब हात तीन वेगवेगळ्या स्थितींत ठेवून मोजला. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत, हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा ३.९ ने आणि हात बाजूला लोंबता सोडल्यास ६.५ ने जास्त आला. म्हणजे नुसता हात चुकीचा ठेवल्याने होणारी चूक मिठाच्या एकूण परिणामापेक्षा मोठी असू शकते. आज मांडीवर आणि महिन्यानंतर टेबलावर हात ठेवून मोजले, तर मीठ न बदलताही ‘मिठाचा गुण’ दिसेल.

म्हणून मीठ बदलण्याच्या आधीचा एक आठवडा फक्त मोजण्यासाठी ठेवा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसा, बोलू नका. भारतीय बैठकीत मांडी घालून मोजण्याची आपल्याकडे सवय असते, तिच्याऐवजी खुर्ची घ्या. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीवर हवा, हात टेबलावर टेकलेला हवा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा वाढून येतो, म्हणून यंत्र घेतानाच दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा. सकाळी औषधापूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब मानतात.

कमी आलेला आकडा लिहायचा आणि जास्त आलेला ‘चुकला असेल’ म्हणून सोडायचा, हा मोह आईलाही होत असे आणि मलाही. तिने वाचायचे आणि मी लिहायचे असे ठरवल्यावर तो थांबला.

## ८. पाकीट निवडताना

पुढच्या बाजूवरचे शब्द सोडा, मागची यादी वाचा. पोटॅशियम क्लोराइड किती टक्के आहे हे पाहा. काही पाकिटांत सोडियम फक्त १५ टक्के कमी असते, काहींत ३० टक्के. प्रयोगांतले निष्कर्ष २५ ते ३० टक्क्यांच्या मिठाचे आहेत.

सैंधव, काळे मीठ, गुलाबी मीठ किंवा समुद्राचे जाडे मीठ म्हणजे कमी सोडियमचे मीठ नव्हे. ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. उपवासाला सैंधव घेण्याची परंपरा आपल्या जागी आहे, पण रक्तदाबासाठी ते सुरक्षित आहे असे मानून हात सैल सोडणे धोक्याचे आहे. मी ओळखीच्या तीन घरांत हा समज पाहिला आहे आणि तीनही घरांत रक्तदाबाचे रुग्ण आहेत. शिवाय सैंधवाच्या अनेक पाकिटांत आयोडीन मिसळलेले नसते. कमी सोडियमचे मीठ घेतानाही ते आयोडीनयुक्त आहे का ते पाहा.

## ९. स्वयंपाकघरात बदल करताना

हे मीठ सोडियमने कमी आहे म्हणून जास्त घातले, तर सगळा हिशेब फिसकटतो. प्रयोगातल्या कुटुंबांनाही ते पूर्वीपेक्षा जपून वापरण्यास सांगितले होते. आम्ही चमचा ठरवून घेतला आणि घरातल्या एकूण वापराचे पाकीट किती दिवस पुरते हे वहीत लिहू लागलो. ही सर्वांत सोपी मोजणी आहे. एक किलोचे पाकीट चार माणसांना ३१ दिवस पुरले, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅम होतात.

पोटॅशियम क्लोराइडला किंचित कडवट चव असते. आमटी, रस्सा, उसळ यांत ती जाणवत नाही. ताक, कोशिंबीर आणि कापलेली काकडी यांत जाणवते. तेथे आम्ही मीठच कमी करून लिंबू, जिरेपूड आणि आमसूल वाढवले. पानात डाव्या बाजूला मीठ वाढण्याची पद्धत आमच्याकडे होती. आता तेथे लिंबाची फोड असते आणि मिठाची वाटी ओट्यावरच राहते. लोणच्याचे मीठ मी बदलले नाही. त्याऐवजी लोणच्याची फोड एकाच वेळी आणि लहान, असे ठरले.

बरणी बदलली तरी पापड, फरसाण, खारी, वेफर्स आणि सुकी खारवलेली मासळी यांतले मीठ तसेच राहते. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असते, तसेच पाण्यात फसफसणाऱ्या आम्लपित्ताच्या पुडीत आणि विरघळणाऱ्या गोळ्यांतही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले.

ज्या घरात पाचव्या पायरीतले कोणी आहे, तेथे मला दोनच मार्ग योग्य वाटतात. एक म्हणजे सर्वांसाठी नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ ठेवून त्याचे प्रमाण हळूहळू कमी करणे. त्याला एक रुपयाही लागत नाही आणि जीभ काही आठवड्यांत सरावते. दुसरा म्हणजे शिजवताना मीठ अगदी कमी घालून, ज्याला नवे मीठ चालते त्याने आपल्या पानात ते मोजून घेणे. आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण घाईत बरण्यांची अदलाबदल होण्याची भीती मला दुसऱ्या मार्गात वाटली.

रक्तदाबाची गोळी मात्र मिठाच्या भरवशावर कोणीही कमी करू नये. सरासरी उतरलेली दिसली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि तो निर्णय त्यांनी घ्यावा.

## १०. पहिल्या तीन महिन्यांत

डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासा. आम्हाला जी तारीख मिळाली होती ती मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा दिवसांत हे मीठ चालू ठेवावे का, हे आधीच विचारून ठेवा. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी रक्तदाबाची, हृदयाची, मुतखड्याची किंवा सांधेदुखीची नवी गोळी लिहिली, तर आपल्या घरात पोटॅशियमयुक्त मीठ आहे हे त्यांना सांगा. औषधांच्या यादीत मीठ कोणी लिहीत नाही, आणि विचारतही नाही.

माझी मावशी तिच्या घरात आता हे मीठ वापरते. तिचे आणि काकांचे अहवाल चांगले आहेत आणि डॉक्टरांनी होकार दिला आहे. तिच्या बरणीवर मी मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पोटॅशियमयुक्त मीठ. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी घेऊ नये.’ स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनाही तिने ती वाचून दाखवली, आणि आम्ही तिच्याकडे जेवायला जातो तेव्हा वडिलांची भाजी ती दुसऱ्या बरणीतल्या मिठाने वेगळी करते.